आमच्या फाटकाची निवडणूक

एस्तेर काय करते, असं चर्चमध्ये कुणी विचारलं की आमची आई सांगते, “तिचं घरीच असतं.” हे ऐकून बायका माझ्याकडं कळवळून बघतात. एकीनं माझ्यासाठी प्रार्थनाही ठेवली होती. खरं म्हणजे मी शिरूरला बसून कंप्युटरवर खेळायचे गेम बनवते आणि आता बरीच वर्षं बनवते आहे. त्याआधी पुण्यात एका कंपनीत बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करत होते. ते काम आईला सांगता यायचं, कारण त्यात बँक हा शब्द होता.

बाहेरच्या माणसाला या धंद्याचं मी एवढंच सांगते, की गेममध्ये आपोआप काहीही होत नाही. माणूस चालला तर त्याचे पाय कुणीतरी चालवलेले असतात. तो भिंतीतून आरपार जात नाही, कारण ही भिंत आहे, इथं थांबायचं, हे त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. आमच्या पहिल्या गेममध्ये एक बकरी होती. तिला बंद फाटकापाशी थांबायला शिकवण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला. ती थांबायची, जरा विचारात पडल्यासारखी दिसायची आणि मग हवेतून चालत फाटकावरून पलीकडं उतरायची. शेवटी तशीच राहू दिली.

गेम रेल्वेच्या फाटकाचा होता आणि नावही ‘फाटक’च. स्टेशनातून फोन येतो, तुम्ही फाटक लावता. दोन्ही बाजूंना उसाच्या ट्रॉल्या, दूधवाले, वऱ्हाडाचा टेम्पो, मेंढरं असं सगळं साठत जातं आणि लोकांचा राग चढत जातो. लवकर उघडलं तर अपघात, उशिरा उघडलं तर लोक केबिनवर चालून येतात. संपूर्ण गेममध्ये करायचं एवढंच: लावा, थांबा, उघडा.

कल्पना अन्वरची. अन्वर शेख दौंडचा. त्याचे अब्बा रेल्वेत गेटमन म्हणून निवृत्त झालेले, आणि त्याचं स्वतःचं दौंडमध्ये फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, दशक्रिया, उद्घाटन, सगळे फ्लेक्स तो करायचा. आमच्या चर्चच्या महिला मेळाव्याचा फ्लेक्स त्याच्याकडं टाकला होता, तेव्हा ओळख झाली. त्यानं आमच्या पाळकसाहेबांना गॉगल लावला होता. मी भांडायला गेले आणि त्याच्या कंप्युटरवर फाटकाची चित्रं बघत बसले. हात फार सुंदर होता त्याचा. फक्त इतकी वर्षं फ्लेक्स करून हाताला एक वळण लागलं होतं. दूधवाला असो, नवरदेव असो, चित्रातला प्रत्येक माणूस गॉगल लावून, एक हात जोडून आणि दुसऱ्या हातानं मोबाइल कानाला धरून चालायचा.

मी नोकरी सोडून आले होते. अन्वरच्या मेहुण्यानं त्याच्यासाठी सणसवाडीच्या एका कंपनीत जागा बघून ठेवली होती. गेम कुठं लागला नाही तर त्यानं कंपनीत जायचं आणि मी पुण्याला परत, असं आमचं बोलून झालं होतं. त्यामुळं मी शिरूरहून न्हावरा-चौफुला करत एस्टीनं दौंडला जायचे आणि फ्लेक्सच्या मशीनच्या घरघरीत आम्ही काम करायचो.

आता दुकानाचं सांगते. कंप्युटरवरचे गेम विकणारं एक मोठं ऑनलाइन दुकान आहे. त्यात लागलात तर जगाला दिसता, न लागलात तर तुमचा गेम तुमच्याच घरात. त्या काळात दुकानानं ठरवलं होतं, की कुठला नवा गेम ठेवायचा हे गिऱ्हाइकांनीच सांगावं. तुम्ही तुमच्या गेमचं पान टाकायचं, त्यावर चित्रं, माहिती, एखादी छोटी फिल्म. लोक येऊन बघणार. आवडलं तर अंगठा वर, नको असेल तर अंगठा खाली. अधूनमधून दुकान वरचे काही गेम उचलणार. किती मतं लागतात, हे कुणालाच माहीत नसे. बनवणाऱ्याला आपल्या गेमला मत देता येत नसे.

आम्ही पान टाकलं आणि वाट बघत बसलो. परदेशी लोक यायला लागले. पहिल्यानं विचारलं, “हा भीतीचा गेम आहे का? हे काळ्या चष्म्याचे लोक हसत हसत माझ्याकडं का येतात?” दुसऱ्यानं विचारलं, “बकरी ही मुख्य शत्रू आहे का?” तिसरा जरा शिकलेला दिसत होता. त्यानं लिहिलं, “वाट बघणं हा गेम कसा असू शकतो?”

मी हे वाचून दाखवलं तर अन्वर म्हणाला, “हा माणूस कधी केडगावच्या फाटकावर अडकलेला दिसत न्हाई.”

वरचे अंगठे थोडे, खालचे भरपूर. आमचं पान यादीत इतकं खाली गेलं की शोधायला मलाच वेळ लागायचा.

अशातच एक दिवस बबननाना दुकानात आले. नाना वरवंडच्या बाजूच्या एका गावचे. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथले दोन्ही गट अजून शाबूत आहेत. नाना ग्रामपंचायतीला पडलेले, सोसायटीला पडलेले, दूध संस्थेला पडलेले आणि शाळा समितीलाही पडलेले. पण प्रत्येक पडण्याआधी फ्लेक्स मोठा लागायचा, त्यामुळं अन्वरचे ते जुने गिऱ्हाईक. वाढदिवसाचा फोटो निवडता निवडता त्यांची नजर माझ्या कंप्युटरवर गेली.

“ह्यो अंगठा कशाचा?”

“मतदान हाय, नाना,” अन्वर म्हणाला. “आमच्या गेमचं. जगातले लोक मत देत्यात.”

“आन् प्रचार कोण करतंय?”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. “कुणीच नाही,” मी म्हणाले.

नानांनी खुर्ची ओढली आणि बसले. “इस्तरताई, पेरल्याबिगर उगवतंय का कुठं?” माझं नाव त्यांना शेवटपर्यंत एस्तेर असं म्हणता आलं नाही. “मतदान हाय आन् प्रचार न्हाई, म्हंजी उमेदवारानंच उमेदवाराला पाडायचं ठरवल्यालं दिसतंय. तुम्ही आता काय बोलू नगा. ह्ये माझ्याकडं द्या.”

त्यांना बहुधा असं वाटलं असावं, की ही एक निवडणूक अशी आहे जिथं त्यांचं स्वतःचं नाव नाही. तेव्हा पडायचं काही कारण नाही. आम्ही नको म्हणालो, पण इतक्या हळू आवाजात, की ते त्यांना होकारासारखं ऐकू आलं असणार.

पुढच्या आठवड्यात न्हावऱ्याहून येताना एस्टीच्या खिडकीतून मला मीच दिसले. चौकात फ्लेक्स. मध्ये फाटक, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अन्वर, दोघंही हात जोडून. वर नाना, आमच्या दोघांपेक्षा मोठे. खाली लिहिलेलं: ‘आपल्या भागाचं फाटक जगात उघडण्यासाठी अंगठा वर. मा. इस्तरताई व मा. अन्वरभाई यांना प्रचंड बहुमतानं विजयी करा.’ मला गॉगल होता. मी दुकानात पोचून अन्वरला विचारलं, तर तो खाली मान घालून म्हणाला, “नानांनी आग्रह केला, ताई. म्हणाले, ताई साध्या दिसत्यात.”

मग जीप फिरायला लागली. सणसवाडीला खोल्या करून राहिलेल्या परप्रांतीय कामगारांसाठी नानांनी हिंदीतून प्रचार ठेवला. “भाइयों, फाटक बंद है, आपका अंगूठा उसे खोल सकता है.” कंपनीतून सुटलेली माणसं जीप थांबवून विचारायची, कुठलं फाटक बंद आहे आणि मग घरी कुठल्या रस्त्यानं जायचं.

गावात सभा झाली. समाजमंदिरासमोर मंडप, पुढं सतरंजी. मला बोलायला उभं केलं. गेम म्हणजे काय ते मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं आणि काही शंका आहेत का, असं विचारून बसले. ही चूक झाली. एका आबांनी विचारलं, “ह्यात जी म्हस दावलीय ती कुणाची हाय?” मी म्हणाले, कुणाची नाही, चित्र आहे. “मंग तिच्या शिंगावर आमच्या म्हशीची खूण कशी आली?” अन्वरनं फोटोवरून काढली होती, ते त्याला कबूल करावं लागलं. एका बाईनं विचारलं, गेममध्ये रुग्णवाहिका अडकते ती सोडता येते का. मी म्हणाले, गाडी गेल्याशिवाय नाही. त्या म्हणाल्या, “मंग आमच्या गावात आन् तुमच्या गेममधी फरक काय?”  शेवटी नानांनी माईक घेतला आणि जाहीर केलं, की गेम निवडून आला तर आपल्या गावच्या माणसाला फाटक अगोदर उघडण्यात येईल. टाळ्या पडल्या. मी त्यांच्या कानात सांगितलं, असं करता येत नाही. ते म्हणाले, “ताई, जाहीरनाम्यातलं कधी कुणी करून दावलंय का?”

आणि मग दत्ताआप्पा आले.

आप्पा नानांचे सख्खे चुलतभाऊ. बांधावरून की आंब्याच्या झाडावरून, पण दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. नाना जिथं हो म्हणतील तिथं आप्पा नाही म्हणणार, एवढी शिस्त मात्र दोघांनी पाळली होती. आप्पा थेट अन्वरच्या दुकानात आले आणि म्हणाले, “एक फ्लेक्स करायचाय. अंगठा खाली.”

“आप्पा,” अन्वर म्हणाला, “ह्यो गेम माझाच हाय.”

“मंग तर बरंच झालं. तुला विषयाची म्हाईती हाय. चांगला हुईल.”

“पण तुम्ही गेम बघितलाय का?”

“बघायचं काय त्यात? बबननं बघितलाय न्हवं?”

अन्वरनं तो फ्लेक्स केला. मी खूप चिडले. तो म्हणाला, “ताई, धंदा धंद्याच्या जागी,” आणि काम करत राहिला. सांगायला वाईट वाटतं, पण आप्पांचा फ्लेक्स आमच्या फ्लेक्सपेक्षा चांगला झाला. संध्याकाळचं आभाळ, रुळांवर पडलेला उजेड, अडकलेली वाहनं, आणि वर ठळक अक्षरांत: ‘फाटकाचा खेळ, घालवतो वेळ. अंगठा खाली.’ आप्पांना एकट्यांनाच गॉगल नव्हता. तो नको, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं, कारण नानांना होता.

गावात धड चालणारं इंटरनेट एकाच जागी होतं, ई-सेवा केंद्रावर. तिथं दोन रांगा लागल्या, एक वरच्या अंगठ्याची, एक खालच्या. दोन्ही रांगा एकाच कंप्युटरवर, आळीपाळीनं. केंद्रचालक प्रत्येकाचं ऑनलाइन दुकानात खातं उघडून द्यायचा आणि प्रत्येक जण आपापलं बोट नेऊन अंगठ्यावर ठेवायचा. काहींनी मत दिल्यावर शाई लावून मागितली. आमच्या पानावर मराठी मजकुराचा पूर आला. “ताई, तुमच्याशिवाय पर्याय नाही.” त्याच्याखाली, “पर्याय आहे. अंगठा खाली.” त्या परदेशी माणसानं बकरीबद्दल विचारलं होतं ना, त्याला कुणीतरी उत्तर दिलं होतं, “बकरी आमच्या आळीची आहे. तिच्याबद्दल नीट बोला.”

मला वाटत होतं, आता काहीतरी हलेल. हललंही. एका दुपारी ऑनलाइन दुकानाची मेल आली.

आमच्या पानावर संशयास्पद हालचाल दिसते, असं त्यात होतं. एकाच जागेवरून, एकाच कंप्युटरवरून, त्याच दिवशी उघडलेल्या खात्यांवरून एकामागून एक मतं पडताहेत. खोटी मतं विकत आणली असतील तर पान काढून टाकलं जाईल आणि आम्हा दोघांना पुन्हा कधीही गेम टाकता येणार नाही. ही माणसं खरी आहेत याचा पुरावा असेल तर पाठवावा.

ती मेल मी अन्वरला मराठीत सांगितली. त्यानं मशीन बंद केलं.  “मेव्हण्याला फोन करू का?” तो म्हणाला. मला रडू आलं, आणि त्याच वेळी हसूही, कारण आमच्यावर आळ खोट्या मतांचा होता आणि इतकी खरी मतं या तालुक्यात यापूर्वी कधी पडली असतील की नाही, याची मला शंका होती.

मी उत्तर लिहायला बसले. इंग्रजीत गट म्हणजे काय ते सांगणं फार अवघड आहे. चुलतभाऊ सांगता येतो, पण चुलतभाऊपणा सांगता येत नाही. शेवटी मी सरळ लिहिलं, की ही माणसं खरी आहेत, ती रांगेत उभी राहिली आहेत, गावात कंप्युटर एकच आहे. आणि कृपा करून नीट बघा, यातली निम्मी मतं आमच्या विरोधात आहेत. मतं विकत आणायची असती तर आम्ही आमच्याच विरोधात कशाला आणली असती?

मेल गेली. पण पुरावा म्हणून फोटो हवा होता, आणि त्यात दोन्ही गट दिसायला हवे होते.

मी नानांकडं गेले. ते म्हणाले, “येतो. पर मधी मी.” आप्पांकडं गेले. “येतो. मधी बबन नसंल तर.” अन्वर म्हणाला, “ताई, दोघांचे वेगवेगळे काढू, मी एकात जोडतो. आयुष्यभर तेच केलंय.” त्याला हात जोडून सांगितलं, की आपल्यावर आळच खोटेपणाचा आहे, तेव्हा हे एवढं एक खरं असू दे.

हे बोलणं अन्वरच्या घरी चाललं होतं. त्याचे अब्बा पलंगावर बसून सुपारी कातरत होते. आमच्या गेमबद्दल ते कधी काही बोलत नसत. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“फाटकावर बोलवा दोघांना,” ते म्हणाले. “एक हिकडून येईल, एक तिकडून. गाडी आली की जातील कुठं? दोघं एका फोटूत येत्यात का न्हाई बघा.”

अब्बांनी ज्या फाटकावर शेवटची नोकरी केली ते नानांच्या गावाच्या जवळच होतं. तिथल्या गेटमनला त्यांनी आधी जाऊन भेटून घेतलं. आपण केबिनच्या ओट्यावरून बघितलं की मध्ये रूळ, डावीकडं एक फाटक, उजवीकडं एक, आणि दोन्ही बाजूंचे लोक एकाच चौकटीत. रुळांवर पाय कुणाचाच पडणार नाही, ही अब्बांची अट. त्या दिवशी त्यांनी पेटीतला जुना खाकी शर्ट काढून घातला होता. तो आता सैल झाला होता, पण बटणं सगळी लावली होती.

दुपार कलताना नाना आपली माणसं घेऊन अलीकडून आले. आप्पा पलीकडून. मालगाडी येतेय म्हणून फोन वाजला, गेटमननं फाटक लावलं. अन्वर ओट्यावर मोबाइल धरून उभा राहिला. मी म्हणाले, काढ. तेवढ्यात दोन्ही बाजूंनी घोषणा सुरू झाल्या. “अंगठा वर” आणि “अंगठा खाली”. मागं उसाच्या ट्रॉल्या येऊन लागल्या, त्यांच्या मागं एक टेम्पो, आणि ज्यांचा आमच्या गेमशी काहीच संबंध नव्हता अशा वाहनांची रांग वाढत गेली. माणसं फाटकावर रेलायला लागली. तेव्हा अब्बा पुढं झाले.

“ओ पांढरी टोपी, मागं सरा. तुम्ही आमदार असा न्हाईतर खासदार, गाडी बघत न्हाई.” पांढरी टोपी म्हणजे नाना. ते मागं सरले. “अय मोटरसायकल, वाकून जाऊ नको. मान तुझी हाय, रूळ सरकारचं हाय. आप्पा, तुमच्या माणसाला हात काढाय सांगा त्या दांड्यावरून. दांडा तुमचा न्हाई.” आवाज चढवला नव्हता त्यांनी. पण दोन्ही बाजूंची माणसं शाळेतल्यासारखी एका रेषेत उभी राहिली. घोषणा बंद पडल्या.

मालगाडी काही येईना. फोन पुन्हा वाजला. मालगाडीच्या आधी आणखी एक गाडी सोडणार होते. फाटक लावलेलंच राहिलं. सगळे गप्प, ऊन उतरलेलं, ट्रॅक्टर बंद केलेले. नाना आणि आप्पा समोरासमोर, मध्ये दोन फाटकं आणि रूळ. कुणी झालं तरी समोर बघायचं किती वेळ टाळणार? शेवटी नाना पलीकडं बघून मोठ्यानं म्हणाले, “चुलतीचा गुडघा कसा हाय?”

आप्पांनी आधी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारलं की काय म्हणून. मग म्हणाले, “हाय तसाच. जिना चढवत न्हाई.”

“त्येल लाव म्हणावं.”

“लावतोय की.”

“कुठलं लावताय?”

आप्पांनी उत्तर दिलं, पण तेवढ्यात गाडी आली. ती लांबलचक गाडी जाईपर्यंत नाना कानामागं हात धरून उभे होते. गाडी गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं आणि आप्पांनी पुन्हा सांगितलं.

मागून मालगाडीही गेली आणि फाटक उघडल्यावर मी अन्वरला म्हणाले, दाखव फोटो. त्याचा चेहरा पडला. त्यानं घाईत फोटोऐवजी व्हिडिओ चालू केला होता आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं त्यात आलं होतं. त्यातलं एक चित्र काढून आम्ही दुकानाला पाठवलं. राहिलेला व्हिडिओ, वाया कशाला घालवायचा म्हणून, मी खाली इंग्रजीत बोलणं लिहून पानावर टाकला. गुडघ्यासकट.

दुकानातल्या माणसाचं उत्तर आलं. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. त्यानं लिहिलं होतं, की स्वतःसाठी मतं गोळा करणारे त्यांना रोज भेटतात, स्वतःविरुद्ध रांग लावून देणारे पहिल्यांदाच दिसले. पान राहील. मात्र एक नियम आहे: ज्या खात्यावरून दुकानात आजवर काहीही घेतलेलं नाही, त्या खात्याचं मत धरत नाहीत. म्हणजे गावातली सगळी मतं, नानांची आणि आप्पांचीही, बाद. ती कधी मोजलीच नव्हती.

पण तो व्हिडिओ लोकांनी बघितला. एकानं दुसऱ्याला दाखवला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. कुठल्या कुठल्या देशातली माणसं येऊन लिहू लागली. खाकी शर्टवाले आजोबा गेममध्ये आहेत का? तेल कुठलं होतं? वाट बघणं हा गेम कसा, असं विचारणाऱ्यानंही परत येऊन लिहिलं, “आता समजलं. मला त्या फाटकावर उभं राहायचं आहे.” वरचे अंगठे खालच्यांच्या पुढं गेले आणि महिन्याभरात आमचा गेम दुकानानं उचलला.

अन्वरनं नानांना फोन केला, तो मी एस्टीतून उतरायच्या आत. मी गावात पोचले तेव्हा हलगी लागली होती आणि गुलाल उधळत होता. मला उघड्या जीपमध्ये उभं केलं. आता हे अंगावर येऊ लागलं होतं. मला राहवेना, म्हणून मी नानांना बाजूला घेऊन सांगितलं, की आपल्या भागातली मतं मोजली गेली नाहीत. सगळी बाहेरच्यांची मतं आहेत.

 नानांच्या मिशीवर गुलाल होता. “येक बी न्हाई?”

“एकही नाही.”

“म्हंजी गावानं मत न देता आपून निवडून आलो.” ते लांब बघत राहिले. “ताई, मी आजवर उलटंच करीत बसलो.” मग त्यांनी हलगीवाल्याला हात केला.

आप्पाही आले होते, थोडे लांब उभे. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की आम्ही विरोध केला म्हणून ह्ये लोक वाचले, न्हाईतर खोट्यात गेले असते. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि एवढ्या गुलालात ते कुणीही मान्य करणार नव्हतं.

गेम बरा चालला. अन्वर सणसवाडीला गेला नाही, मी पुण्याला गेले नाही. त्यानंतर आम्ही आणखी गेम केले. दुकानानं पुढं मतदान बंदच करून टाकलं. आता ठरलेलं शुल्क भरलं, कागद पुरे केले की कुणाचाही गेम लागतो. दररोज इतके लागतात, की आपला कुठं लागला हे दुसऱ्या दिवशी शोधावं लागतं. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण मागच्या वर्षी आमचा नवा गेम लागला तेव्हा मला जरा चुकल्यासारखं झालं. आवडला म्हणणारे थोडे भेटले. हा होऊच द्यायचा नाही म्हणून स्वतःच्या खर्चानं फ्लेक्स लावणारा एकही भेटला नाही.

अलीकडंच दौंडला अन्वरच्या घरी गेले होते. अब्बा आता थकलेत, पण बसते-उठते आहेत. त्या फाटकाच्या जागी भुयारी रस्ता झाला आहे. अब्बा कंप्युटरसमोर बुद्धिबळ खेळत होते. अन्वरनं फार पूर्वी त्यांच्यासाठी त्या दुकानातूनच तो गेम घेऊन त्यांच्या नावानं खातं काढून दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी सहज विचारलं, “अब्बा, म्हणजे त्या वेळी तुम्हाला मत देता येत होतं की. दिलं होतं का?”

“दिलं होतं ना, बेटी.”

“वर का खाली?”

“खाली.” त्यांनी घोडा उचलून पुढं ठेवला. “तुमच्या खेळात फाटक उशिरा उघडलं तर माणूस हरतो. असं कुठं असतंय? लोक शिव्या देत्यात, देऊ देत. शिव्यांनी मरत न्हाई कुणी.”

अन्वर चहा घेऊन दारात उभा राहिला होता. मी हिशेब केला. अख्ख्या तालुक्यातून आमच्या गेमला पडलेलं, दुकानानं धरलेलं असं एकच मत होतं, आणि ते हे. मी अब्बांना तसं सांगितलं.

अब्बांनी चष्मा काढला आणि पुसला. “मोजणारच,” ते म्हणाले. “मी काय कुणाच्या रांगेत उभा न्हवतो. आपल्या खोलीत बसून, विचार करून दिलं होतं.” मग माझ्याकडं जरा काळजीनं बघत त्यांनी विचारलं, “मंग गेम पडला कसा न्हाई?”